चेसापीक-ओहायो कालवा रेल्वेने बुडवला का?

प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेत पोटोमॅक नदीच्या मेरीलँडकडच्या काठाने वॉशिंग्टन ते कंबरलँड असा एक जुना कालवा आहे आणि त्याच खोऱ्यातून बाल्टिमोर-ओहायो रेल्वे जाते. दोन्हींचं काम एकाच दिवशी सुरू झालं आणि रेल्वे आधी पोचली. मग कालवा १९२४ पर्यंत टिकला कसा, आणि शेवटी त्याला रेल्वेनेच संपवलं का?

माझ्या मते नाही. कालव्याचं मूळ उद्दिष्ट रेल्वेने हिरावून घेतलं, हे खरं. पण त्याला कर्जाने पोखरलं आणि पुराने पाडलं. शेवटची तीसपस्तीस वर्षं तर रेल्वेनेच त्याला चालू ठेवलं, आणि तेही प्रेमापोटी नाही. माझी सारी नोकरी पाटबंधारे खात्यात कालव्यांवर गेली आहे, त्यामुळे मन कुठे झुकतं ते लपवत नाही. हिशेब मात्र जसा आहे तसा मांडतो.

सुरुवात एरी कालव्यापासून करावी लागते. ३६३ मैलांचा हा कालवा १८२५ च्या ऑक्टोबरात पुरा झाला आणि पश्चिमेकडचं धान्य थेट न्यूयॉर्कला उतरू लागलं. फिलाडेल्फिया, बाल्टिमोर आणि वॉशिंग्टन या तिन्ही शहरांच्या व्यापाऱ्यांची झोप उडाली. पोटोमॅकमधून पश्चिमेला जाण्याची कल्पना त्याआधीची. जॉर्ज वॉशिंग्टन स्वतः १७८५ मध्ये पोटोमॅक कंपनीचे पहिले अध्यक्ष झाले होते. त्या कंपनीने धबधब्यांना वळसा घालणारे छोटे कालवे काढले आणि बाकीचा प्रवास नदीतूनच ठेवला. पण पूर आला की नदी नको आणि उन्हाळ्यात तिला पाणी नाही, त्यामुळे बोटी चालायच्या दिवसांची बोटांवर मोजदाद. नदीचा नाद सोडून तिच्या काठाने सलग, स्थिर पाण्याचा कालवा काढायचा, हे यातून निघालं.

चेसापीक अँड ओहायो कंपनीला ओहायो नदीपर्यंत, म्हणजे पिट्सबर्गपर्यंत जायचं होतं. वाटेत अ‍ॅलेगेनी पर्वत. सरकारी अभियंत्यांनी १८२६ मध्ये अंदाजपत्रक दिलं: २ कोटी २० लाख डॉलरच्या वर, आणि माथ्यावर सुमारे ४ मैलांचा बोगदा. आकडा बघून सगळेच गार पडले. मग दुसऱ्या अभियंत्यांकडून फेरतपासणी करवून घेतली, आणि कंबरलँडपर्यंतच्या पूर्वेकडच्या भागाचा खर्च ४५ लाखांच्या आसपास बसवण्यात आला. प्रत्यक्षात त्याच भागाला सुमारे १ कोटी १० लाख लागले. मंजुरी मिळेल इतकंच अंदाजपत्रक आधी करायचं आणि मग सुप्रमावर सुप्रमा (वाढीव खर्चाची सुधारित प्रशासकीय मान्यता) घेत जायचं, हे आपल्याच खात्याने शोधून काढलं असा कोणाचा समज असेल तर तो काढून टाकावा.

बाल्टिमोरची अडचण निराळी होती. ते पोटोमॅकवर नाही. कालवा झाला तर पश्चिमेचा माल जॉर्जटाउन-वॉशिंग्टनला उतरणार आणि बाल्टिमोर हात चोळत बसणार. म्हणून तिथल्या व्यापाऱ्यांनी १८२७ मध्ये रेल्वेची सनद मिळवली. हा शुद्ध जुगार होता. एवढ्या अंतराची मालवाहू रेल्वे तोवर जगात कुठेच नव्हती. घोडे जुंपायचे की वाफेचं इंजिन, हेसुद्धा ठरलेलं नव्हतं. १८३० मध्ये पहिला १३ मैलांचा तुकडा उघडला तो घोड्यांच्या गाड्यांनीच.

४ जुलै १८२८ ला बाल्टिमोरमध्ये नव्वद वर्षांचे चार्ल्स कॅरल यांनी रेल्वेची पायाभरणी केली. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही केलेल्यांपैकी ते शेवटचे हयात गृहस्थ. त्याच दिवशी वॉशिंग्टनजवळ लिटल फॉल्सला राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स कालव्यासाठी फावडं मारत होते. फावडं झाडाच्या मुळावर अडकलं. दोनतीनदा मारूनही मूळ तुटेना, तेव्हा त्यांनी कोट काढून बाजूला टाकला आणि जोर लावून माती काढलीच. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. एरवी हा माणूस लोकप्रियतेत कच्चाच.

पैशाच्या बाबतीत कालवा त्या दिवशी कितीतरी पुढे होता. केंद्र सरकारचे १० लाख डॉलर, वॉशिंग्टन शहराचे १० लाख, मेरीलँड राज्याचे ५ लाख, जॉर्जटाउन आणि अलेक्झांड्रिया यांचे प्रत्येकी अडीच लाख. पैज लावायची असती तर शहाण्या माणसाने कालव्यावरच लावली असती.

पहिली खरी लढाई पॉइंट ऑफ रॉक्सला झाली. वॉशिंग्टनहून वर जाताना इथे कटोक्टिन डोंगराचा कडा थेट नदीत उतरतो. कडा आणि पाणी यांच्यामध्ये जागेची एक चिंचोळी पट्टी, आणि इथून हार्पर्स फेरीपर्यंत अशा खिंडी आणखी आहेत. कालवा बसवला तर रेल्वेला जागा नाही, रूळ टाकले तर कालव्याला नाही. रेल्वेच्या माणसांनी जमीनमालकांकडून हक्क घ्यायला सुरुवात केली, कालवा कंपनीने कोर्टातून मनाई हुकूम आणला आणि प्रकरण साडेतीन वर्षं चाललं. जानेवारी १८३२ मध्ये मेरीलँडच्या अपील कोर्टाने निकाल दिला: जुन्या पोटोमॅक कंपनीचे हक्क कालव्याकडे आलेले आहेत, मार्ग निवडण्याचा पहिला मान कालव्याचा.

कालवा जिंकला, पण मला इथेच त्याच्या पराभवाची सुरुवात दिसते. त्या साडेतीन वर्षांत वरच्या भागाचं काम खोळंबलं, मजुरी आणि जमिनीचे भाव चढले आणि भागधारकांचा उत्साह ओसरला. रेल्वे मात्र १ एप्रिल १८३२ ला पॉइंट ऑफ रॉक्सपर्यंत येऊन उभी होती आणि मधल्या काळात तिने इंजिनांचे प्रयोग करून घेतले होते. शेवटी मेरीलँडच्या विधिमंडळाने १८३३ मध्ये तडजोड करायला लावली, कारण राज्याचा पैसा दोन्हीकडे अडकला होता. हार्पर्स फेरीपर्यंत दोघांनी अंग चोरून शेजारी शेजारी जायचं, आणि पुढे मेरीलँडच्या काठाने रेल्वेने तूर्त सरकायचं नाही. इंजिन बघून कालव्यावरची जनावरं बुजू नयेत म्हणून मध्ये फळ्यांचं कुंपण घालायचं, हेही ठरलं. रेल्वेने हार्पर्स फेरीला पूल बांधला आणि ती नदीपलीकडे व्हर्जिनियात निघून गेली. मेरीलँडचा काठ कालव्याला राहिला, आणि त्या काठावरचे सगळे कडे आणि सगळी वळणंही कालव्यालाच राहिली.

बांधकामाचे सगळे तपशील देत बसत नाही. १८४.५ मैल लांबी, ६०५ फुटांचा चढ, ७४ लॉक आणि ११ जलसेतू, म्हणजे कालव्याला उपनद्यांवरून नेणारे पूल. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेली दगडी पेटी; बोट आत घ्यायची, पाणी भरून किंवा सोडून तिला वरच्या किंवा खालच्या पातळीवर आणायची. इथे प्रत्येक पेटी सुमारे १०० फूट लांब आणि १५ फूट रुंद. पाणी नदीवरच्या बंधाऱ्यांतून यायचं. बंधाऱ्यांना क्रमांक आहेत १ ते ६ आणि मग एकदम ८, कारण ७ नंबरचा कधी बांधलाच नाही. लॉकचंही तसंच. पॉ-पॉ बोगद्याजवळ ६३⅓ आणि ६४⅔ असे अपूर्णांकी क्रमांकाचे लॉक आहेत. चार लॉकचा चढ तीन लॉकमध्ये बसवून पैसे वाचवले, पण पुढच्या लॉकना आधीच नंबर पडलेले होते. नकाशावर नंबर एकदा पडले की ते बदलणं किती जिकिरीचं असतं, हे ज्याने मोजणी पुस्तकं भरली आहेत त्यालाच कळेल.

मजुरांचा प्रश्न जास्त गंभीर होता. त्या भागात माणसंच नव्हती. कंपनीने इंग्लंड-आयर्लंडहून करारावर मजूर आणले. त्यांतले बरेच पळून गेले आणि कंपनी त्यांच्यामागे कोर्टकचेऱ्या करत राहिली. १८३२ मध्ये पटकी आली आणि छावण्या ओस पडल्या. जानेवारी १८३४ मध्ये विल्यम्सपोर्टजवळ आयरिश मजुरांच्या दोन टोळ्यांत जीवघेणी मारामारी झाली, तेव्हा राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी लष्कर पाठवलं. अमेरिकेत मजुरांच्या दंग्यात केंद्राचं सैन्य उतरण्याची ती पहिली वेळ मानतात.

आणि पॉ-पॉचा बोगदा. नदी तिथे लागोपाठ वळणं घेते. सुमारे सहा मैल वाचावेत म्हणून ३,११८ फुटांचा बोगदा काढायचं ठरलं. ली माँटगोमेरी नावाच्या कंत्राटदाराने दोनएक वर्षांत काम उरकण्याची हमी दिली. हे गृहस्थ मेथडिस्ट धर्मोपदेशकही होते. काम १८३६ ला सुरू झालं. खडक ठिसूळ शेलचा, थरांमधून निसटणारा. त्यात मजुरीची थकबाकी आणि मारामाऱ्या. १८४२ मध्ये कंपनीचे पैसे संपले आणि काम बंद पडलं. त्याच वर्षी मेरीलँड राज्याने, ज्याने कालवा आणि रेल्वे दोन्हींसाठी कर्ज काढलं होतं, आपल्या रोख्यांवरचं व्याज थकवलं. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात रेल्वे कंबरलँडला पोचली.

काम पुन्हा उभं राहिलं ते एका अटीवर. १८४४ च्या कायद्याने राज्याने कालव्यावरचा आपला पहिला हक्क बाजूला ठेवला आणि कंपनीला १७ लाख डॉलरचे नवे रोखे काढू दिले. त्या बदल्यात कोळसा कंपन्या वगैरेंनी पाच वर्षं दरसाल १ लाख ९५ हजार टन माल देण्याची हमी द्यायची होती. हे रोखे लक्षात ठेवा, पुढे तेच सगळ्यांवर भारी पडले. १० ऑक्टोबर १८५० ला कालवा कंबरलँडला पोचला आणि तिथेच थांबला. आपल्याकडे बोरीबंदर-ठाणे गाडी सुटायला अजून अडीच वर्षं होती. बाल्टिमोर-ओहायो रेल्वे मात्र १८५२ च्या नाताळात ओहायो नदीवरच्या व्हीलिंगला जाऊन भिडली. पिट्सबर्गचं स्वप्न तिथे संपलं.

आता मुख्य प्रश्न: रेल्वे आठ वर्षं आधी कंबरलँडला आली, तरी कालवा चालला कसा?

बोट पाण्यात अगदी हळू सरकत असेल तर तिला विरोध फार थोडा होतो. ताशी दोनतीन मैलांच्या चालीने दोन-तीन खेचरं ११०-१२० टन कोळशाची बोट ओढून नेतात. पण वेग वाढवायला जा, की विरोध साधारण वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि कालव्याचा काटछेद अरुंद असेल तर त्याहूनही जास्त. शिवाय लाटा उठतात आणि मातीचे भराव खाऊ लागतात, म्हणूनच कालव्यावर ताशी ४ मैलांची मर्यादा होती. रुळांवरच्या चाकाचं तसं नाही. वेग वाढला तरी विरोध एवढा चढत नाही. त्यामुळे ज्याला घाई आहे तो माल, म्हणजे प्रवासी, टपाल, पीठ, किराणा, रेल्वेकडे गेला आणि कधी परत आला नाही. ज्याला घाई नाही, जो जड आहे आणि एकाच जागेहून एकाच जागेला सतत जायचा आहे, तो कालव्यावर राहिला. कंबरलँडच्या पश्चिमेला जॉर्जेस क्रीकच्या खोऱ्यात उत्तम प्रतीचा कोळसा होता, आणि जाणाऱ्या बोटी भरलेल्या उताराकडे, येणाऱ्या रिकाम्या चढाकडे. याहून सोयीची मांडणी मागूनही मिळाली नसती.

मजा अशी की हा कोळसा खाणीतून कंबरलँडच्या धक्क्यापर्यंत येत होता तो रेल्वेच्या फाट्यांनीच. खाणी डोंगरात, तिथे कालवा चढणं अशक्य. कालव्याचा एकमेव ग्राहक पहिल्या दिवसापासून रेल्वेच्या डब्यात बसून त्याच्याकडे येत होता, आणि त्याला धक्क्यावर न उतरता तसंच पुढे बाल्टिमोरला नेणं ही रेल्वेच्या दृष्टीने फक्त दराची गोष्ट होती.

दराच्या लढाईत कालवा बांधलेल्या हातांनी उतरला होता, आणि हे फार कमी लोक सांगतात. कालवा कंपनी बोटी चालवत नव्हती. ती फक्त टोल घ्यायची; बोटी, खेचरं, माणसं खाजगी मालकांची. एका बोटीवर बहुधा एक कुटुंबच असायचं. पुढच्या भागात तबेला, मागे राहायची खोली, आणि खेचरांमागे पोरं चालायची. रेल्वे कंपनीकडे मार्गही तिचा आणि गाडीही तिची. कोळशाचा दर पाडून झालेला तोटा ती दुसऱ्या मालावर आणि प्रवाशांवर भरून काढू शकत होती. कालव्याकडे कापायला टोल तेवढाच होता, आणि तो कापला की दुरुस्तीचा पैसा जायचा.

दुरुस्ती तर पाचवीलाच पुजलेली. थंडीत पाणी गोठायचं म्हणून साधारण डिसेंबर ते मार्च कालवा रिकामा करून ठेवायचा, आणि नेमका तोच कोळसा जाळायचा हंगाम. मस्करॅट नावाचा घुशीसारखा प्राणी भरावांत बिळं करायचा आणि बिळातून गळती, गळतीतून फूट. (आपल्याकडे एका धरणफुटीचं खापर खेकड्यांवर फोडलं गेलं तेव्हा लोक हसले आणि चिडले, ते योग्यच होतं. पण कालव्याच्या भरावाला बिळांचा धोका खरा असतो. ती वेळेवर बुजवणं हेच तर खात्याचं काम.) एका ठिकाणी भराव फुटला की शेकडो बोटी जागच्या जागी थांबायच्या. रेल्वेचा रूळ उखडला तर दोन दिवसांत जोडता येतो.

यादवी युद्धात तर कालवा दोन बाजूंच्या सीमेवरच होता. १८६१ च्या डिसेंबरात दक्षिणेचा सेनापती स्टोनवॉल जॅक्सन याच्या सैन्याने ५ नंबरचा बंधारा फोडायचा प्रयत्न केला. सप्टेंबर १८६२ मध्ये दक्षिणेच्या फौजांनी मोनोकसीचा जलसेतू उडवायचं ठरवलं आणि त्यांना तो जमला नाही, कारण दगडकाम इतकं पक्कं की सुरुंगाची भोकंच पडेनात. ५१६ फूट लांब, सात कमानींचा तो जलसेतू आजही उभा आहे. काम महाग झालं, उशिरा झालं, पण कच्चं झालं नाही, एवढं श्रेय द्यायलाच हवं.

मग १८७० चं दशक आलं, आणि कालव्याचे खरे चांगले दिवस हेच. रेल्वे येऊन तीस वर्षं झाल्यावर! आर्थर गॉर्मन कालवा कंपनीचे अध्यक्ष असताना १८७५ मध्ये ९ लाख टनांहून जास्त माल गेला आणि पाचशेच्या वर बोटी चालू होत्या. जॉर्जटाउनला इतकी कोंडी व्हायची की तिच्या वरच्या बाजूला १८७६ मध्ये बोटी थेट पोटोमॅकमध्ये उतरवणारी एक कलती यंत्रणा बसवली. बोट पाण्याच्या टाकीसकट रुळांवरून खाली. हो, रुळांवरून.

ही वर्षं बघून मला नेहमी वाटतं की दोन्ही मार्ग एकमेकांना वेसण घालत होते. कालवा होता तोवर कंबरलँडच्या कोळशाचा रेल्वे-दर एका मर्यादेपलीकडे चढू शकत नव्हता. खाणमालकांना हे पक्कं ठाऊक होतं. कालव्याला माल देण्यामागे त्यांचं हेही गणित होतं. कालव्याचा फायदा त्याच्या स्वतःच्या ताळेबंदात दिसतो त्यापेक्षा मोठा होता, पण तो दुसऱ्यांच्या खिशात पडत होता.

आपल्याकडे हाच वाद त्याच काळात रंगला होता. गोदावरीवर धवळेश्वरमचा बंधारा बांधणारे सर आर्थर कॉटन म्हणत राहिले की हिंदुस्थानला रेल्वेपेक्षा नौकावहनाचे कालवे हवेत, टनामागे स्वस्त पडतील आणि शेतीला पाणीही देतील. १८७८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटच्या समितीपुढेही त्यांनी हे मांडलं आणि त्यांचं ऐकलं गेलं नाही. सरकारी हमीवर झालेला कर्नूल-कडप्पा कालवा तोट्यात गेला आणि १८८२ मध्ये सरकारला विकत घ्यावा लागला, तेही त्यांच्या विरोधात गेलं. कॉटन यांचा टनाचा हिशेब बरोबर होता असं मला वाटतं. पण सिंचनाच्या कालव्याला तळाला उतार द्यावा लागतो, पाणी पळतं राहिलं पाहिजे. बोटीच्या कालव्याला पाणी पातळीत उभं हवं. एकाच चरातून दोन्ही साधायचं तर लॉक वाढतात, गाळ बसतो आणि भांडणं होतात. डेल्ट्यात ते जमून गेलं. दख्खनच्या पठारावर, चार महिने फुगणाऱ्या आणि आठ महिने आटणाऱ्या नद्यांवर, ते कोणी फारसं मनावर घेतलं नाही यात नवल नाही. बोरघाटात रेल्वे १८६३ मध्ये ३७ फुटांना १ फूट या चढाने वर गेली. लॉक टाकून हा घाट चढायचा म्हटलं तर माथ्यावर पाणी कुठून आणणार, हा पहिलाच प्रश्न.

परत पोटोमॅककडे. नोव्हेंबर १८७७ च्या पुराने कालवा जागोजागी फोडला. दुरुस्तीसाठी १८७८ मध्ये ५ लाखांचे आणखी रोखे काढावे लागले, आणि कर्जावर कर्ज चढलं. रेल्वेची इंजिनं मोठी झाली, रूळ पोलादी झाले, दर उतरत गेले. कालव्याची बोट मात्र लॉकच्या १५ फुटांत बसेल तेवढीच राहणार, ती कशी वाढवणार? मग १८८९ च्या मे महिन्याअखेर तो पाऊस आला. पेनसिल्व्हेनियात जॉन्सटाउन गाव ज्यात वाहून गेलं, तोच. पोटोमॅक चढली आणि कंबरलँडपासून जॉर्जटाउनपर्यंत भराव, दारं, खेचरांची वाट, सगळं धुऊन गेली. कंपनीकडे दुरुस्तीला दमडी नव्हती. माझ्या लेखी स्वतंत्र कालवा त्या आठवड्यात संपला.

यापुढचा भाग अभियंत्याचा कमी आणि वकिलांचा जास्त. १८४४ आणि १८७८ या दोन्ही रोख्यांचा मोठा हिस्सा तोवर बाल्टिमोर-ओहायो रेल्वेने गोळा करून ठेवला होता. आता कोर्टापुढे दोनच रस्ते होते: कालवा लिलावात काढायचा, नाहीतर रोखेधारकांच्या विश्वस्तांना दुरुस्त करून चालवू द्यायचा. रेल्वेने दुसरा मागितला. प्रतिस्पर्धी आयता मरत असताना त्याच्यावर पैसा का घालायचा? कारण १८४.५ मैलांची सलग, एकाच मालकीची, सौम्य चढाची, कंबरलँडपासून थेट राजधानीत जाणारी पट्टी बाजारात आली असती तर ती घ्यायला वेस्टर्न मेरीलँडसारखी दुसरी रेल्वे टपलेलीच होती. कालव्यात रूळ टाकले की बाल्टिमोर-ओहायोच्या उशाशीच नवी रेल्वे. १८३२ मध्ये जिच्यासाठी भांडण झालं तीच चिंचोळी जागा साठ वर्षांनी पुन्हा कळीची ठरली.

१८९० मध्ये कोर्टाने विश्वस्त नेमले आणि १८९१ मध्ये कालवा पुन्हा सुरू झाला. कोर्टाची अट होती की कालवा स्वतःच्या कमाईवर चालतो हे दिसलं पाहिजे. चालत तर नव्हता. मग १८९४ मध्ये चेसापीक अँड ओहायो ट्रान्स्पोर्टेशन कंपनी नावाची एक संस्था पुढे आली आणि तिने विश्वस्तांना दरसाल १ लाख डॉलर नफ्याची हमी दिली. तिच्या मागे रेल्वेच होती. या खिशातले पैसे त्या खिशात घालायचे आणि कोर्टाला सांगायचं, बघा, कालवा नफ्यात! कोर्ट मुदत वाढवत गेलं. १९०२ मध्ये कॅनॉल टोएज कंपनी आली. आतापर्यंत बोटींना नावं असत, मालक स्वतः रंगवून घेत. आता कंपनीच्या बोटींना फक्त क्रमांक आले आणि कप्तान पगारी झाले. वेळापत्रक सुधारलं, हेही खरं. वेस्टर्न मेरीलँड रेल्वे १९०६ मध्ये कंबरलँडला पोचलीच, पण बोगदे पाडत आणि पॉ-पॉच्या वळणांत नदीवर पुलामागून पूल बांधत. कालव्याची पट्टी हाती आली असती तर तिचा केवढा खर्च वाचला असता, यावरून रेल्वेने त्या रोख्यांत घातलेले पैसे वाया गेले नाहीत हे कळतं.

१९२४ च्या वसंतात पुन्हा पूर आले आणि बोटी थांबल्या त्या कायमच्या. तरी रेल्वेने कालवा सोडून दिला असं म्हटलं नाही. भूमिका अशी की मालाची मागणी आली तर आम्ही दुरुस्त करू. मागणी नाही म्हणून केलेला नाही. असं म्हणत आणखी चौदा वर्षं काढली. मंदीत रेल्वेवर सरकारी कर्ज चढलं, तेव्हा १९३८ मध्ये कालवा २० लाख डॉलरना केंद्र सरकारला विकला गेला.

पुढचं थोडक्यात. खालच्या २२ मैलांची दुरुस्ती सरकारी रोजगार योजनेतल्या कृष्णवर्णीय तरुणांच्या तुकड्यांनी केली. पन्नासच्या दशकात उरलेल्या पट्टीवर मोटारींचा रस्ता करायचा घाट घातला गेला. वॉशिंग्टन पोस्टने अग्रलेखातून त्याला पाठिंबा दिला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी संपादकांना आव्हान दिलं की माझ्याबरोबर कालव्याच्या काठाने चालत या आणि मग लिहा. मार्च १९५४ मध्ये ते कंबरलँडहून वॉशिंग्टनपर्यंत चालले. पोस्टने मत बदललं आणि रस्ता झाला नाही. १९७१ पासून हे राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे.

ज्या वेस्टर्न मेरीलँडच्या भीतीने हे सगळं झालं, तिचा तो मार्ग १९७० च्या दशकात बंद पडला. त्याच्या काही भागावर आता सायकलवाट आहे, आणि कंबरलँडहून पुढे पिट्सबर्गपर्यंत जाणारी १५० मैलांची ग्रेट अ‍ॅलेगेनी पॅसेजही बरीचशी तिच्याच जुन्या मार्गावरून जाते. ती २०१३ मध्ये पुरी झाली. बाल्टिमोर-ओहायोच्या रुळांवरून सीएसएक्स या रेल्वे कंपनीच्या मालगाड्या अजून धावतात.

तिकडे राहणाऱ्यांनी हे प्रत्यक्ष पाहायचं असेल तर सबंध कालवा करायची गरज नाही. पॉइंट ऑफ रॉक्सला जा. मेरीलँड राज्याच्या मार्क सेवेच्या लोकल गाड्या तिथे थांबतात, आणि कडा, रूळ, कालवा, नदी हे सगळं एका नजरेत येतं. १८३२ चा खटला काय होता ते निकालपत्र न वाचता कळेल. वेळ असेल तर मोनोकसीचा जलसेतू तिथून जवळ आहे. पॉ-पॉला जाणार असाल तर टॉर्च न्या. बोगद्यात दिवे नाहीत, वाट अरुंद आहे आणि सायकलवरून उतरून चालावं लागतं.